टोमॅटोचा पाण्याचा डगला: तीन घेतले, दोन टिकले

आमच्याकडे नेपरव्हिलला, म्हणजे शिकागोपासून तासाभरावर, बागवाल्यांचा एक अलिखित नियम आहे. मदर्स डे, मेचा दुसरा रविवार, उलटल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढायचा नाही. सात वर्षं मी तो मुकाट्याने पाळला. यंदा मोडला, आणि मोडला तो या पाण्याच्या नळ्यांच्या जिवावर.

वस्तू साधी आहे. प्लास्टिकच्या अठरा उभ्या नळ्या एकमेकींना जोडून केलेलं, गुडघ्याएवढ्या उंचीचं गोल कडं. मधे रोप, नळ्यांत पाणी. एका कड्यात तीन गॅलन, म्हणजे अकरा लिटरच्या वर मावतं. दिवसा पाणी ऊन पितं आणि रात्री ती ऊब सोडत राहतं. खरी करामत त्याच्या पुढची. पाणी गोठतानासुद्धा उष्णता बाहेर टाकतं, लिटरमागे 80 किलोकॅलरी. त्यामुळे बाहेर पारा शून्याखाली उतरला तरी नळ्यांतलं पाणी पुरतं गोठेपर्यंत आतलं रोप बऱ्यापैकी सांभाळलं जातं.

मी मूळची निफाडकडची. थंडीची लाट आली की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटायच्या, ठिबक सुरू व्हायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार. अण्णांना व्हिडिओ कॉलवर हे कडं दाखवलं, तर दोन मिनिटं निरखून म्हणाले, "म्हंजे ठिबकचं पाणी पिशवीत भरून विकलं की गं यांनी!" तीनच्या संचाला तीस-बत्तीस डॉलर पडले, हे त्यांना सांगितलं नाही.

आता भरण्याबद्दल. पाकिटावरच्या चित्रातली बाई हसत हसत पाणी ओततेय. मी एकटीने पहिलं कडं भरायला घेतलं, तर चार नळ्या भरल्या की पाचवीकडे सगळं लवंडायचं. सलवार भिजली, रोप आडवं. दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं: रोपावर पाच गॅलनची बादली पालथी घालायची, कडं बादलीभोवती बसवायचं, समोरासमोरच्या नळ्या आळीपाळीने भरायच्या आणि शेवटी बादली अलगद वर ओढून काढायची. नळ्या काठोकाठ भरायच्या नाहीत. दोन तृतीयांश भरल्या की वरची टोकं आत झुकतात आणि तंबू होतो. आणखी एक, रोप लावायच्या आठवडाभर आधी रिकाम्या जागेवरच कडी भरून ठेवा. माती गार असेल तर टोमॅटो नुसता उभा राहतो, वाढत नाही.

रोपं मी एप्रिलच्या विशीत लावली. कसोटी लागली 28 तारखेच्या रात्री. फोनवर हवामान 36 फॅरनहाइट दाखवत होतं, म्हणजे गोठणबिंदूच्या चार अंश वर. पण आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. अशी रात्र अण्णांना अंगणात नुसतं उभं राहून कळते. ढगांची गोधडी नसली की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. शिवाय हवामानखात्याचं तापमान मोजतात ते साधारण माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि रोप असतं जमिनीलगत. मी वाफ्यात ठेवलेला दहा डॉलरचा किमान-कमाल थर्मामीटर सकाळी 29 दाखवत होता. शेजाऱ्यांच्या गाडीची काच पांढरीफटक. नळ्यांच्या वरच्या टोकांना बर्फाचा पापुद्रा, बोटाने दाबला की कुरकुरत फुटणारा. आत रोप मजेत! तुलनेसाठी एक रोप मुद्दाम जुन्या चादरीखाली ठेवलं होतं. जिथे जिथे चादर टेकली, तिथली पानं दुपारपर्यंत उकडलेल्या पालकासारखी काळपट लोंबत होती.

आता तक्रार. तिसऱ्या कड्याच्या दोन नळ्या तळाच्या शिवणीशी झिरपत होत्या. मला पत्ता नाही. चौथ्या दिवशी ती बाजू मऊ पडली आणि उरलेलं कडं आपल्याच वजनाने रोपावर बसलं. देठ कटकन मोडला. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं, त्यांनी फोटो मागितले, फोटो पाठवले, मग पुन्हा फोटो मागितले. तेव्हा वाफ्यात नेण्याआधी प्रत्येक कडं अंगणात भरून रात्रभर ठेवा, खाली ओल दिसते का बघा.

सगळ्या भाज्यांना हे लाड करू नका. मेथी, मुळा, पालक, मटार मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उघड्यावरच पेरते. हलका फ्रॉस्ट, म्हणजे पानांवर धरणारं पांढरं हिम, त्यांना काही करत नाही, उलट उशीर केला तर उन्हाने मटार वैतागतो. भेंडीचं उलटं. तिला माती निदान 65 फॅरनहाइट लागते, ती मेअखेरीलाच. घाई केलीत तर बी जमिनीत कुजेल. आणि "शेवटच्या फ्रॉस्टची सरासरी तारीख" वाचून निर्धास्त होणाऱ्यांसाठी: ती तारीख म्हणजे दोन वर्षांतून एकदा त्यानंतरही फ्रॉस्ट पडतो. फ्रॉस्टच्या तारखांच्या तक्त्यात 10 टक्के शक्यतेचा रकाना असतो, मिरची आणि वांग्यासाठी तो बघा.

एवढं करून मिळालं काय? कड्यातल्या रोपाचा पहिला पिकलेला टोमॅटो जुलैच्या पाच तारखेला तोडला. मदर्स डेनंतर लावलेल्या रोपाचा सोळाला. अकरा दिवस. नवऱ्याने हिशेब मांडला, की टोमॅटो तीन डॉलरला पडला. त्याला कोशिंबीर वाढली नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. दोन-चार रोपांची हौस असेल तर जरूर घ्या, वीस रोपं असतील तर पाणी भरता भरता मदर्स डे येईल. जून लागताच कडी उपसून, उलटी टांगून पूर्ण वाळवा, ओली घडी घातली तर आत शेवाळ धरतं. माझी दोन गॅरेजमध्ये कपड्यांच्या दोरीवर आहेत, आणि तिसऱ्याचे फोटो तिसऱ्यांदा मागवलेत.