'छाया' गोळी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सोमवारी आरोग्य केंद्रातून 'छाया' या गर्भनिरोधक गोळीचा 'साठा संपला आहे' हे उत्तर मला दुसऱ्यांदा मिळाले, म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्या बाळंतपणानंतर बसवलेल्या तांबीमुळे पाळीत अंगावरून फार जात असे, त्यामुळे या वेळी ती नको होती. बाळ अंगावर पीत होते. 'छाया'त संप्रेरके नसल्याने ती स्तनपान करतानाही चालते, हे कळल्यावर मी तिची निवड केली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले हेच औषध दुकानात 'सहेली' नावाने मिळते. पाळीच्या पहिल्या दिवशी, रविवारी, सुरुवात केली. तीन महिने रविवार व बुधवार, नंतर फक्त रविवार.

माझी खरी तक्रार पाळी लांबण्याविषयी आहे. दुसऱ्या महिन्यात ती नऊ दिवस लांबली, तिसऱ्यात बारा. रात्रीची झोप उडाली आणि गर्भचाचणीच्या चार पट्ट्या विकत आणण्यात, मोफत गोळी घेऊनही, पैसे गेले. पाळी लांबू शकते, हे एक वाक्य गोळ्या हातात देतानाच सांगायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

चौथ्या महिन्यात गोळी सोडायचीच, असे ठरवून गेले, तेव्हा परिचारिकाताईंनी नीट समजावले : ही गोळी गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा परिणाम होऊ देत नाही, त्यामुळे पाळी लांबते आणि रक्तस्रावही कमी होतो, मात्र १५ दिवसांहून अधिक लांबली, तर चाचणी करावीच. तेव्हापासून माझे मत बदलले. आता पाळी साधारण पस्तिसाव्या दिवशी येते आणि तांबीच्या काळातला थकवा राहिलेला नाही.

गणपतीत सासरी गेल्यावर एक रविवार चुकला. बुधवारी आठवताच गोळी घेतली आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरला. सात दिवसांहून अधिक उशीर झाला असता, तर आठवड्यातून दोनदाचा क्रम पुन्हा सुरू करावा लागला असता. माझ्या जावेला पीसीओडी (अंडाशयांचा एक विकार) असल्याने डॉक्टरांनी ही गोळी दिली नाही, त्यामुळे तपासणीशिवाय कोणीही ती सुरू करू नये.

माझ्याकडे आता एकच गोळी उरली आहे. येत्या गुरुवारी केंद्रात पुन्हा जाणार आहे. तेथे मिळाली नाही, तर त्याच दिवशी 'सहेली' विकत घेईन, पण रविवार चुकू देणार नाही.