डीबीएसचं यंत्र 'बुक' करायला कुणी पैसे मागितले तर

अण्णा गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे. पार्किन्सन होऊन आता 11 वर्षं झाली. गोळीचा असर असतो तोवर आपल्या हातानं जेवतात, तो उतरला की खुर्चीतून उठवत नाही. गेल्या पावसाळ्यात हे दिवसातून पाच-सहा वेळा व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी डीबीएसचं, म्हणजे 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' या ऑपरेशनचं नाव काढलं. मेंदूत खोलवर बारीक तारा, छातीत वरच्या बाजूला कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र. खर्च दहा लाखांच्या पुढे. तो आकडा घेऊन आम्ही लालबागला घरी निघालो.

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर तो माणूस भेटला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. "काका, सावकाश," म्हणत त्यानं अण्णांना हात धरून टॅक्सीत बसवलं. आईचा विश्वास बसला तो तिथेच. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, सगळीकडची मदत मिळवून देतो म्हणाला. 'फाइलचे' 15,000 रुपये घेतले. आठवड्यानं फोन आला: परदेशातून आलेलं एक यंत्र दुसऱ्या पेशंटनं सोडलंय, निम्म्या किमतीत मिळेल, पण दोन दिवसांत बुक करावं लागेल. आईनं पाटल्या गहाण ठेवल्या. आणखी 1,20,000 गेले. शिक्का मारलेली पावती आली, तिच्यावर यंत्राचा नंबरसुद्धा होता.

मंगळवारी सकाळी सातला अ‍ॅडमिशन, असं सांगितलं होतं. 'ऑपरेशनच्या दिवशी गोळी द्यायची नाही,' हेही त्यानंच सांगितलं आणि आम्ही ऐकलं. काउंटरवर अण्णांचं नावच नव्हतं. त्याचा फोन बंद. अण्णा बाकावर लाकडासारखे ताठ बसलेले, तोंडातून लाळ गळतेय, आणि मी एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे पावती दाखवत फिरतेय. शेवटी एका नर्सनंच विचारलं, "यांची गोळी कुठेय?" ते दोन तास मी विसरू शकत नाही. पैशांपेक्षा मला त्याचाच राग आहे.

त्याच रुग्णालयात तळमजल्यावर समाजसेवा विभाग आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की मुख्यमंत्री निधीचा अर्ज फुकट असतो आणि मंजूर झालेली रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, कुणा माणसाच्या हातात नाही. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, दलाल लागत नाही.

आणि मुळात आमचं बुकिंग उलट्या टोकानं सुरू झालं होतं. डीबीएस प्रत्येकाला चालत नाही. आधी रात्रभर औषध थांबवून सकाळी डॉक्टरांसमोर तपासतात, मग लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा डोस देऊन पुन्हा तपासतात. हालचालीत साधारण 30 टक्के तरी सुधारणा दिसावी लागते. एमआरआय होतो, स्मरणशक्तीची आणि मनःस्थितीची चाचणी होते. डिमेन्शिया असेल तर सहसा नको म्हणतात. कंप, ताठरपणा, गोळी उतरल्यावरचे तास यांवर उपयोग होतो. तोल आणि बोलणं यांवर फारसा नाही. हे सगळं झाल्यावर यंत्राचा विषय निघतो, आणि तेही रुग्णालयाच्या लेखी अंदाजपत्रकावर. बॅटरी चार्ज होणारी आहे की नाही हेसुद्धा तेव्हाच ठरतं, कारण न होणारी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च वेगळा. त्या माणसानं यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा नऊ दिवस उलटले होते आणि खातं रिकामं झालं होतं. पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर कदाचित रक्कम अडवता आली असती. पोलिसांत तक्रार दिली आहे.

अण्णांची चाचणी नंतर महापालिकेच्या रुग्णालयात नीट झाली. डोस दिल्यावर पाऊण तासानं ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत कुणाचा हात न धरता चालत गेले आणि परत आले. आता अर्ज आम्ही स्वतः भरतोय.

तो माणूस साधारण पस्तिशीचा, मोटरसायकलवरून येतो, परळच्या रुग्णालयांजवळच फिरतो. अशीच पावती कुणाकडे असेल तर फाडू नका. आमच्या तक्रारीला दुसरी तक्रार जोडली गेली तर तपासाला जोर येईल, असं पोलीस म्हणालेत.