नेल ड्रिल घेताना मी फसले, तुम्ही फसू नका

दोन महिने मी स्वतःलाच दोष देत होते. नखावर चढवलेला ॲक्रिलिकचा कृत्रिम थर ड्रिलने घासताना बिट, म्हणजे त्याचं फिरणारं टोक, थरथरायचं, नख चटकन तापायचं. विकणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, तुमचा हात अजून बसला नाही." मी नवखी होते, त्यामुळे ते पटायचंही.

जाहिरातीत होतं ३५,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), प्रोफेशनल, सोबत कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या बिटांचा संच. व्हिडिओत ॲक्रिलिकचा जाड थर भराभर उतरत होता. मी सगळे पैसे आधीच भरले. घरी आलं ते पेनासारखं, यूएसबीवर चालणारं ड्रिल. नंतर तोच व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला, तर त्यातल्या हँडपीसची, म्हणजे हातात धरायच्या भागाची, वायर टेबलावरच्या कंट्रोल बॉक्सला जात होती. माझ्या ड्रिलला बॉक्सच नव्हता. दाखवलं एक, पाठवलं दुसरंच.

खरा उलगडा झाला तो ओळखीच्या एका नेल टेक्निशियनकडे. तिने तिचं मशीन माझ्या हातात दिलं. हात तोच, पण बिट ॲक्रिलिकवरून सरळ सरकत गेलं, ना थरथर ना चटका. मला रडूच आलं.

तिने समजावलं ते असं. आरपीएमचा आकडा मशीन मोकळं फिरत असतानाचा. कामाला येतो टॉर्क, म्हणजे बिट नखाला टेकल्यावरही त्याच जोमाने फिरत राहण्याची ताकद. माझं ड्रिल टेकवलं की मंदावायचं, मंदावलं की मी नकळत दाबायचे, दाबलं की घर्षणाने नख तापायचं, आणि जरा सैल सोडलं की बिट उसळायचं. बरं, एवढ्या वेगाची गरजही नसते. ॲक्रिलिकचा जाडपणा उतरवायला साधारण १०,००० ते २०,००० पुरतात, क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ, ५,००० च्या आत. नैसर्गिक नखाला तर मी आता हाताची फाइलच लावते.

बिटांचीही तीच गत. सोनेरी मुलामा चार वापरांत उडाला आणि धुऊन ठेवलेल्या बिटाच्या खाचांत तांबूस गंज दिसला. टंगस्टन कार्बाइडला असा गंज चढत नाही.

परत करायला गेले तर म्हणे, "बिटं वापरलीत, हायजीनमुळे परत घेता येणार नाहीत." न वापरता दोष कळायचा कसा? तिसऱ्या मेसेजनंतर मला ब्लॉक केलं.

म्हणून कळकळीने सांगते, पैसे भरण्याआधी त्याच मॉडेलचा चालू व्हिडिओ मागा आणि परतीची अट लेखी घ्या. पार्सल उघडताना शूटिंग करा. मग बिट बसवून मशीन मोकळं फिरवा आणि बिटाचं टोक बघा. ते एका जागी स्थिर ठिपक्यासारखं दिसलं पाहिजे. धूसर गोल दिसला तर बिट डुगडुगतंय. त्यानंतर सुट्ट्या टिपवर, म्हणजे प्लास्टिकच्या खोट्या नखावर, थोडं ॲक्रिलिक लावून, वाळवून, त्यावर हलकेच टेकवा. आवाज बसला किंवा फिरणं अडखळलं तर ते नखाला लावूच नका, त्याच दिवशी परत पाठवा.

पैसे गेले, त्याचं एवढं नाही. पण त्याच ड्रिलने मी धाकट्या बहिणीचं इन्फिल, म्हणजे नख वाढल्यावर मुळाशी पडलेली मोकळी जागा ॲक्रिलिकने भरणं, केलं होतं. तिच्या अंगठ्यावर क्युटिकललगत लाल अर्धगोल चर पडला. याला रिंग ऑफ फायर म्हणतात, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. ती म्हणत राहिली, "असू दे गं ताई, थोडंच चटकतंय." नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. तो चर आता कुठे मध्यावर आलाय. तो पुरता निघून जाईपर्यंत तिच्या त्या नखाला मी ॲक्रिलिक लावणार नाही.