बोया बीवाय-एम१ : शटर ओढल्यावरच्या फिल्म रिव्ह्यूसाठी कॉलर माइक

कराडात आमचं मेडिकल आहे. रात्री गिऱ्हाईक ओसरलं की मी शटर अर्धं खाली ओढते, काउंटरवर मोबाइल उभा करते आणि नुकत्याच बघितलेल्या सिनेमावर सात-आठ मिनिटं बोलते. ते यूट्यूबवर टाकते. माझ्या चॅनेलची खासियत म्हणाल तर हॉस्पिटलचे सीन. मॉनिटरवर सरळ रेष आली की आपल्याकडचे पडद्यावरचे डॉक्टर धावत येऊन शॉक देतात. अहो, सरळ रेषेला शॉक देत नाहीत. छाती दाबत राहतात आणि अ‍ॅड्रिनलिन देतात. असलं काही मी हक्काने सांगते. बाकी अभिनय, गाणी, पटकथा यावर माझी मतं चारचौघांसारखीच, फक्त जरा मोठ्या आवाजात.

तर आवाज. मी ट्रेलरचे तुकडे लावत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा कायद्याचं पुस्तक उघडून बसत नाही. आवाज किंवा चित्र मालकाने दिलेल्या फाइलशी जुळलं की दावा लागला, मग बसा भांडत. त्यापेक्षा नुसता चेहरा आणि बोलणं बरं. पण मग बघणाऱ्याला धरून ठेवायला आवाजाशिवाय हातात काही उरत नाही. चित्र काळपट असलं तरी लोक चालवून घेतात. घुमणारा, लांबून येणारा आवाज कोणी सहन करत नाही. मी तरी लगेच पुढचा व्हिडिओ लावते.

म्हणून रिंग लाइट वगैरे बाजूला ठेवून आधी हा माइक घेतला. हजाराच्या आत मिळाला. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं लागतं (शॉर्ट्सवाल्यांचा हिशेब वेगळा), त्या गावाला मी अजून पोचलेले नाही. तोवर एवढाच खर्च परवडतो.

डबीत माइक, क्लिप, स्पंजची टोपी, एलआर४४ नावाचा बटन सेल, मोठ्या भोकासाठी एक जोड आणि छोटं पाऊच. वायरवर एक डबी आहे, तिच्यावर स्विच. मोबाइलला लावताना तो स्मार्टफोनच्या बाजूला ठेवायचा. सेल लागतो तो कॅमेऱ्याला लावताना. वायर तब्बल ६ मीटर. आमचं दुकानसुद्धा तेवढं लांब नाही. गुंडाळून रबर बँड लावते. मेडिकलात रबर बँडला काय तोटा?

हा माइक चारी दिशांचं ऐकतो, आणि त्याचा गुण-दोष सगळा यातच आला. मान वळवून मागच्या फळीकडे बघत बोललं तरी आवाज पडत नाही. पण दुकानात इन्सुलिनचा फ्रिज आहे, त्यात २ ते ८ अंश राखावे लागतात. सिनेमाच्या नादात तो बंद करायचा प्रश्नच नाही. त्याची घरघर माइकला ऐकू येते. शिवाय मोबाइल आपल्याआपण आवाज कमी-जास्त करत असतो. मी दोन वाक्यांच्या मध्ये थांबले की तो शांतता भरून काढायला जातो आणि फ्रिज वर येतो. उपाय पैशाचा नाही, अंतराचा आहे. माइक हनुवटीच्या खाली वीतभर लावायचा आणि फ्रिजपासून लांब बसायचं. तोंड ते माइक अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, फ्रिज मात्र आहे तिथेच राहतो. घुमण्याचा त्रास मला नाही, चारी बाजूंनी औषधांचे खोके आहेत. रिकाम्या हॉलमध्ये बसून बोलणाऱ्यांनी मागे गोधडी टांगावी.

बायकांसाठी खास : मंगळसूत्र. क्लिप पदराला लावली की प्रत्येक मान हलण्याला मणी माइकवर टकटक करतात, आणि हेडफोन लावल्याशिवाय ते कळत नाही. मी मंगळसूत्र पदराच्या आत सरकवते आणि माइक पदराच्या काठावर, तोंड वर करून लावते. कडक इस्त्रीचं सुती चालतं, सिंथेटिक साडी फार सळसळते.

हल्लीच्या बऱ्याच मोबाइलला गोल जॅक नसतो, त्यांना टाइप-सीचा कन्व्हर्टर लागेल. दिसायला सगळे सारखे, पण डीएसी (आवाजाचं रूपांतर करणारी चिप) असलेलाच मागा. फोनने माइक ओळखला नाही तर तो तुम्हाला काही सांगत नाही, मुकाट्याने स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करतो. बोलायला सुरुवात करण्याआधी माइकची जाळी नखाने खरवडायची आणि ऐकून बघायचं. खरखर मोठी आली तर माइक चालू.

याच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत. बॅच नंबर आणि बिल बघितल्याशिवाय माल न उतरवणाऱ्या बाईचा सल्ला : पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

कुजबुजलेलं छान येतं. शेवट फोडणार नाही म्हणत मी आवाज खाली आणते, तेव्हा अगदी कानात सांगितल्यासारखं वाटतं. चिडले की मात्र फाटतो. एका सिनेमात बाई कोमातून उठते ती लिपस्टिकसकट, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं. आणि शटरखालून वाकून कोणी “ताई, ओआरएस आहे का?” विचारलं तर तेही स्पष्ट येतं. ते मी कापत नाही. ओआरएस देते आणि पुढे बोलते.

बिनवायरचा घ्यावा का, असं भाचा विचारतो. चालत-फिरत, थिएटरबाहेर लोकांना गाठून बोलायचं असेल तर जरूर घ्यावा. एका जागी बसणाऱ्याने रोज चार्जिंगचं आणखी एक लचांड कशाला वाढवायचं?

आता जाऊबाईंना व्हिडिओत यायचंय. त्यांना प्रत्येक सिनेमा आवडतो, त्यामुळे भांडण रंगेल. एक माइक दोघींत पुरत नाही. याच कंपनीचा एका वायरीवर दोन माइकवाला येतो, तो मागवला आहे. पैसे निम्मे त्यांनी द्यायचे ठरलंय.