ग्राफिटीतून आलेल्या चित्रकाराचा कॅनव्हास घ्यावा की सहीची स्क्रीनप्रिंट?

भिंतींवर स्प्रे मारून हात तयार झालेल्या एखाद्या चित्रकाराचे काम घरी आणायचे ठरले, की साधारणपणे दोन पर्याय समोर येतात: त्याने स्वतः रंगवलेला एकमेव कॅनव्हास, किंवा क्रमांक घातलेली आणि पेन्सिलीने सही केलेली स्क्रीनप्रिंट, म्हणजे जाळीतून कागदावर रंग उतरवून काढलेल्या अनेक प्रतींपैकी एक, जी बरीच स्वस्त पडते. माझ्या मुंबईच्या घरात आधी प्रिंट आली आणि नंतर त्याच चित्रकाराचा कॅनव्हास आला. त्यामुळे पुढील मत दोन्हींच्या सहवासातून बनलेले आहे.

चित्रकार स्टेन्सिलवाला (कापलेल्या साच्यातून रंग मारणारा) आहे की मोकळ्या हाताने स्प्रे मारणारा, हे आधी पाहावे असे मला वाटते. स्टेन्सिलसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीची ‘गर्ल विथ बलून’ ही प्रिंट २००४ मध्ये सहीच्या १५० आणि बिनसहीच्या ६०० प्रतींत निघाली. स्टेन्सिलमध्ये मुळातच कापलेल्या आकारातून सपाट रंग टाकलेला असल्याने अशा चित्राचे प्रिंटमध्ये फारसे काही हरवत नाही. न्यूयॉर्कच्या फ्यूचुरा २००० याची गोष्ट वेगळी आहे. १९८० मध्ये भुयारी रेल्वेच्या डब्यावर अक्षरांऐवजी अमूर्त रंगपट रंगवणाऱ्या या चित्रकाराची खरी ताकद कॅनमधून निघालेल्या केसासारख्या रेषेत आणि कडेला विरळ होत जाणाऱ्या तुषारांत आहे. स्क्रीनप्रिंटमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते आणि असा विरळपणा दाखवण्यासाठी रंग बहुधा बारीक ठिपक्यांत मोडावा लागतो. दुरून तो फरक जाणवत नाही, जवळ गेल्यावर मात्र जाणवतो.

तरीही माझा कौल ठरवला तो काचेने. कागदावरचे काम काचेविना ठेवता येत नाही, आणि माझ्या प्रिंटची पार्श्वभूमी गडद निळी असल्याने दिवसभर तीत समोरच्या खिडकीचे गज आणि संध्याकाळनंतर ट्यूबलाइट दिसत असे, इतकी की चित्र पाहण्यासाठी खोलीत ठरावीक ठिकाणी उभे राहावे लागे. जागा बदलून पाहिली, तेव्हा खिडकीऐवजी दरवाजा दिसू लागला. परावर्तन न करणाऱ्या काचेची किंमत विचारली, तर ती चौकटीसह प्रिंटच्या किमतीजवळ पोहोचत होती. अॅक्रिलिकचा पत्रा लावला, त्यावर धूळ ओढली जाऊ लागली आणि पुसताना बारीक ओरखडे उमटले. कुणाच्या घरी खिडकी बाजूच्या भिंतीत असेल, तर हा त्रास कदाचित नगण्य ठरेल.

कॅनव्हासवर काच नाही. बाजूने उजेड पडला की कुठे कॅन जवळ धरल्याने रंग ओघळला आहे, कुठे दाब कमी होऊन शिंतोडे उडाले आहेत आणि कोणता थर आधीचा आहे, हे सगळे उघड दिसते. अर्थात त्यालाही जपावे लागते. पावसाळ्यात कापड सैल पडते, तेव्हा मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोकाव्या लागतात. बुरशी टाळण्यासाठी भिंत आणि चित्र यांत बोटभर अंतर ठेवावे लागते. आणि ओले फडके कधीही लावू नये. पुढे विकायचे झाल्यास प्रिंट सोपी, कारण त्याच आवृत्तीच्या इतर प्रतींचे भाव पाहता येतात. कॅनव्हासला अशी तुलना नाही, म्हणून मागच्या बाजूची सही, साल आणि चित्रकाराचे लेखी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

कॅनव्हास म्हणजे रस्त्याशी फारकत, हा आक्षेप मला पटत नाही. ली क्विन्योनेस आणि फॅब फाइव्ह फ्रेडी या न्यूयॉर्कच्या ग्राफिटी चित्रकारांनी १९७९ मध्येच रोमच्या गॅलरीत चित्रे मांडली होती. त्या पिढीने डब्यांवर केलेले काम रेल्वेने पुसून टाकले आणि ते आज मुख्यतः छायाचित्रांतच पाहता येते. त्यांच्या हाताचा प्रत्यक्ष स्प्रे पाहायचा, तर कॅनव्हासकडेच वळावे लागते.

स्टेन्सिलचे काम आवडत असेल, तर प्रिंट निःशंकपणे घ्यावी. मोकळ्या हाताचा स्प्रे आवडत असेल आणि पैसे एकाच चित्रापुरते असतील, तर मी थोडा लहान आकाराचा का होईना, कॅनव्हासच निवडेन, आणि घेण्यापूर्वी तो दिवसाच्या उजेडात बाजूने पाहू देण्याची विनंती विक्रेत्याला जरूर करीन.