दातोंग की लोयांग?

अजिंठा-वेरूळ मनापासून पाहिलेल्या माणसाला चीनमधील लेण्यांसाठी एकाच शहरापुरते दिवस काढता येणार असतील, तर निवड बहुधा शान्सी प्रांतातील दातोंग आणि हनान प्रांतातील लोयांग यांच्यातच करावी लागते. दोन्ही शहरे उत्तर वेई घराण्याच्या राजधान्या होत्या. इ.स. ३९८ पासून दातोंग हे राजधानीचे शहर होते आणि ४९४ मध्ये सम्राट श्याओवन याने दरबार दक्षिणेला लोयांगला हलवला. लेणी खोदवून घेण्याची सुरुवात दोन्हीकडे याच घराण्याने केली असली, तरी दगड मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते निर्णय त्या दगडावरच व्हावा.

दातोंग हे सुमारे हजार मीटर उंचीवरचे, कोरड्या हवेचे आणि कोळशाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे शहर आहे. शहराच्या पश्चिमेला सुमारे १६ किलोमीटरवर असलेली युनगांगची लेणी वालुकाश्मात आहेत. भिक्खू थानयाओ याच्या देखरेखीखाली ४६० च्या सुमारास तेथे काम सुरू झाले. हा दगड मऊ असल्याने कारागिरांना कड्यात खोल शिरून दालने, स्तूपस्तंभ आणि भव्य बुद्ध कोरता आले. काही दालनांत रंगही टिकून आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या लेण्यांत शिरल्याचा अनुभव येथेच अधिक येतो. आठव्या लेण्याच्या दारावर तर नंदीवर बसलेला त्रिमुखी, अष्टभुज महेश्वर आणि समोर पक्ष्यावर आरूढ झालेला पंचमुखी कुमार म्हणजेच कार्तिकेय कोरलेला आहे. हे दोन देव चीनच्या उत्तर सीमेजवळ, बुद्धाचे द्वारपाल म्हणून उभे असलेले पाहणे हा मराठी माणसासाठी विलक्षण प्रसंग आहे. मात्र हा मऊ दगड झिजतोही. विसाव्या लेण्याची पुढची भिंत कोसळल्यामुळे तेथील सुमारे १४ मीटर उंचीचा बुद्ध आज उघड्यावर बसलेला दिसतो.

लोयांगच्या दक्षिणेला यी नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली लोंगमेनची लेणी कठीण चुनखडीत आहेत. येथे दालने उथळ आहेत, पण रेषा अतिशय नाजूक आहे आणि शिलालेख सुमारे २,८०० आहेत. ६७५ मध्ये पूर्ण झालेला, १७ मीटरहून उंच असा वैरोचन बुद्ध हा या लेण्यांचा मुकुटमणी आहे. दुःखाची गोष्ट अशी की विसाव्या शतकात अनेक मूर्तींची शिरे तोडून नेली गेली; बिनयांग लेण्यातील सम्राट-सम्राज्ञींची शिल्पे आज अमेरिकेतील संग्रहालयांत आहेत.

भारताशी नाते सांगायचे तर लोयांगचे पारडे जड आहे. कश्यप मातंग आणि धर्मरत्न या भारतीय भिक्खूंसाठी उभारल्याचे परंपरा सांगते ते श्वेताश्व मंदिर येथेच आहे. तेथील सांचीच्या धर्तीवरील भारतीय वास्तूचे उद्घाटन २०१० मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती या नात्याने केले. महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएनत्संगही याच परिसरातला.

तरीही लेणी हाच मुख्य हेतू असेल, तर मी दातोंगलाच जाण्यास सांगेन. बीजिंगहून वेगवान रेल्वेने ते सुमारे दोन तासांवर आहे. शिवाय हंगशान पर्वताच्या कड्याला लटकलेले मंदिरही त्याच फेरीत पाहता येते. हिवाळ्यात मात्र तेथे पारा शून्याच्या बराच खाली जातो, म्हणून मे ते सप्टेंबर हाच काळ निवडावा. प्रवासात शीआन शहर असेल, किंवा एप्रिलमध्ये फुलणाऱ्या पिओनी पाहायच्या असतील, तर लोयांग सोयीचे ठरेल.