खोका मॅच प्रायमरचा, आत भलताच माल

अमेरिकेत राहून रायफल नेमबाजी करणाऱ्या आणि काडतुसं घरी भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय. मला ज्याने फसवलं तो माणूस अजूनही गन शोमध्ये (बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात) टेबल मांडून बसतो.

२०२० मध्ये प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) बाजारातून गायब झाले. महामारीत बंदुका घेणारे वाढले, त्यातच जुलैमध्ये बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या रेमिंग्टनने दिवाळखोरी जाहीर केली. आधी तीस-पस्तीस डॉलरला मिळणारे हजार प्रायमर पुढे शंभराच्या वर गेले. अशा दिवसांत त्या टेबलावर फेडरल कंपनीच्या २१०एम मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीच्या, प्रायमरचे खोके दिसले. भाव चढा, पण अवाच्या सवा नाही. पैसे रोखच हवेत, पावती नाही. "रिटायर झालेल्या नेमबाजाचा साठा आहे," असं सांगितलं.

पुंगळीच्या बुडातली ही इवलीशी टोपी दर वेळी सारखीच पेटली तर गोळीचा वेग सारखा राहतो. सहाशे यार्डांवर वेगातला थोडा फरकही गोळी वर-खाली नेतो. मॅच प्रायमरला जास्त पैसे मोजायचे ते यासाठीच.

ते खोके घेतले, काडतुसं भरली. रेंजवर क्रोनोग्राफचे, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे बघून मी चक्रावलो. पावडर तीच, बुलेट तीच, वजनं काट्यावर तोललेली, तरी वेग कुठच्या कुठे. मग एक काडतूस उडालंच नाही. पुढच्या एकाला चाप ओढल्यावर क्षणभर काहीच नाही, आणि मग धडाका. याला हँगफायर म्हणतात. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, बोल्ट (काडतूस आत बंद करणारा खटका) उघडायचा नाही. आणि नुसता फुसका आवाज आला तर थांबायचंच. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फाटू शकते.

न उडालेल्या प्रायमरवर रायफलच्या पिनने मारलेला खड्डा चांगला खोल होता, म्हणजे रायफल ठीक होती. घरी येऊन उरलेले खोके उलगडले. एकाच ट्रेमधल्या टोप्यांचा रंग वेगवेगळा, काहींवर ओल लागल्याचे डाग. खोक्यावर लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) एक, आतल्या ट्रेवर दुसराच. कुणीतरी रिकाम्या मॅच खोक्यांत जुने, ओल खाल्लेले प्रायमर हाताने भरले होते. कंपनीचा यात काही दोष नाही. कारखान्यात प्रत्येक प्रायमर वेगळ्या खणात बसवतात, एक पेटला तर बाकीचे पेटू नयेत म्हणून. या माणसाने ते डब्यात सुटे ठेवले असतील, तर त्याने स्वतःच्या घरातल्यांचाही जीव टांगणीला लावला. पैशांपेक्षा मला याचाच जास्त संताप येतो.

आयोजकांनी हात वर केले: टेबल भाड्याने दिलं, मालाची जबाबदारी आमची नाही.

तेव्हा सील फुटलेला खोका कितीही स्वस्त असो, घेऊ नका. खोका आणि ट्रे यांचे लॉट नंबर तिथेच ताडून बघा. विक्रेता उघडू देत नसेल तर पुढे चला. ऑनलाइन घेताना धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लावलेलं नसेल तर सावध राहा, आणि पोस्टाने पाठवतो म्हणत असेल तर ती साइट खोटी समजा, कारण अमेरिकी टपालातून प्रायमर पाठवायला बंदीच आहे. असा संशयास्पद माल आधीच घरात आला असेल तर तो कचऱ्यात टाकू नका, बाटलीत ओतून ठेवू नका. आहे त्या ट्रेमध्येच राहू द्या आणि स्थानिक अग्निशमन दलाला फोन करून तो कुठे द्यायचा ते विचारा.